जीएनएमला (तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा) जायचंय, पदरात चार वर्षांचा मुलगा, गळ्यात पिग्मीचं मशीन. पैशाचं कसं बसवायचं?

पिग्मीवाली_विटा

नमस्कार. इथं वाचते बऱ्याच दिवसांपासून, लिहितेय पहिल्यांदाच.

मी २७ वर्षांची. विट्यात एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची बचत, गोळा करते, सहा वर्षं झाली. दुकानं एकशेचाळीसच्या आसपास. महिन्याला साडेतीन लाखांचा भरणा होतो, तीन टक्के कमिशन, म्हणजे हातात साडेदहा हजार. नवरा यंत्रमागावर. माग चालू असले तर महिना चौदा हजार, बंद असले तर किराणावाल्याला तोंड चुकवायचं. लाडकी बहीणचे पंधराशे येतात. मुलगा यंदा बालवाडीत जायला लागलाय.

नर्सिंगचं खूळ डोक्यात कसं शिरलं ते सांगते. गेल्या वर्षी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, मिरजेत अकरा दिवस होतो. रात्री वॉर्डात तीस पेशंट आणि सिस्टर एकच. सलाईन संपत आलं की मी तिला हाक मारायला पळायची. दुसऱ्या रात्री तिनंच मला घड्याळ लावून थेंब मोजायला शिकवलं, म्हणजे वेग कमीजास्त झाला तर मला कळावं. सहा वर्षं नोटा मोजतेय, थेंब कसले चुकतात. मग शेजारच्या दोन खाटांचं पण बघायला लागले. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "करतेस काय तू? पिग्मी? शिकून घे की गं." तेवढंच बोलली आणि इंजेक्शनचा ट्रे घेऊन गेली. माझं मात्र तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही.

बारावी आर्ट्स, २०१६, ५८ टक्के. सायन्स नाही म्हणून बीएस्सी नर्सिंग जमणार नाही, जीएनएमला आर्ट्स चालतं असं कळलं. एका खाजगी कॉलेजात चौकशी केली. फी वर्षाला ८५ हजार, हॉस्टेल-मेस ४८ हजार वेगळी. एक एजंट रोज फोन करतोय, "मॅनेजमेंटमधून बसवतो, बुकिंगचे दहा हजार आज टाका."

माझ्याकडे काय आहे: आरडी सुटेल त्याचे ६२ हजार, अडीच तोळे सोनं आणि बचत गटाच्या फायनान्सचे राहिलेले अठरा हप्ते.

पिग्मीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तीन वर्षांची फी २,५५,०००. आणि माझं कमिशन बुडेल ते साडेदहा हजार गुणिले छत्तीस, ३,७८,०००. म्हणजे फीपेक्षा माझं न कमावणंच महाग पडतंय! शिष्यवृत्ती फीची असते, बुडालेल्या पगाराची नसते. ज्यांनी पोर सांभाळून हे केलंय त्यांनी सांगा, ही दुसरी रक्कम कुठून आणली?

---

जुना_बँकवाला

ताई, हिशेब चोख मांडला आहे. आमच्या शाखेत पदवीधर पोरं यायची कर्ज मागायला, त्यांना एवढं मांडता यायचं नाही.

आधी एजंटाचा फोन बंद करा. मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर गेलात की सरकारी सवलतींची दारं तिथंच लागतात. वाचवलेले दहा हजार पुढं कामाला येतील.

एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली आठ कर्ज विभागात, म्हणून शैक्षणिक कर्जाचं तेवढं सांगतो. नर्सिंग काउन्सिलची मान्यता असलेला डिप्लोमाही त्यात बसतो. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. सहकर्जदार लागतो. विवाहित असल्यामुळे नवरा किंवा सासू-सासरे चालतात. शाखेत "वडिलांनाच आणा" म्हणून बसवून ठेवतील, तेव्हा हे ठामपणे सांगायचं. फीबरोबर हॉस्टेल, पुस्तकं, गणवेश यांचा खर्चही कर्जात धरता येतो, पण कॉलेजचं खर्चाचं पत्रक लागतं. अर्ज शैक्षणिक कर्जाच्या सरकारी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, म्हणजे कुठल्या तारखेला केला याचा पुरावा राहतो. नुसतं शाखेत तोंडी विचारलं तर "साहेब रजेवर आहेत" यातच जून-जुलै जातात.

आता आकडे. वर्षाला ८५ हजार उचललेत आणि व्याज दहा टक्के धरलं, तर शिकतानाची तीन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही. पण व्याज चढतच असतं. पहिल्या वर्षी साडेआठ हजार, दुसऱ्या वर्षी सतरा, पुढची दोन वर्षं साडेपंचवीस-साडेपंचवीस. एकूण ७६,५००. ते मुद्दलात गेलं की सात वर्षांच्या फेडीला हप्ता साधारण साडेपाच हजार. तेच व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलात, म्हणजे पहिल्या वर्षी महिना सातशे, दुसऱ्या वर्षी चौदाशे, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी एकवीसशे, तर हप्ता सव्वाचार हजारांच्या आत येतो. असं वेळेत व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका एक टक्का सूट देतात. मुलींना अर्धा टक्का वेगळी, तीही मागून घ्यायची.

याहून महत्त्वाचं म्हणजे केंद्राची व्याज अनुदान योजना. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल तर शिकतानाचं आणि नंतरच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. तुमचं उत्पन्न त्यात सहज बसतं. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. कर्ज मंजूर होतानाच तहसीलदारांचा दाखला जोडून शाखेत लेखी मागा. आपणहून कोणी सांगत नाही. मी खुर्चीत असताना मलाही मार्चएंडच्या घाईत पुष्कळदा सांगायचं राहिलेलं आहे, खोटं कशाला बोलू.

सोनं आज मोडू नका, गहाणही टाकू नका. ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. बचत गटाच्या फायनान्सचं नवीन कर्ज तर अजिबात नको. आठवड्याचा हप्ता आणि नर्सिंगची ड्युटी एका घरात नांदत नाहीत.

---

सेतूवाला_तासगाव

बँकवाल्या काकांचं सगळं बरोबर, पण कागदाशिवाय काहीच हलत नाही. मी आपले सरकार केंद्र चालवतो. दर जुलैत तुमच्यासारख्या चार-पाच ताया रडकुंडीला येतात, आणि सगळ्यांचं दुखणं एकच: नाव.

बारावीच्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. पोर्टल एकीलाच तीन बायका समजतं. आजच विवाह नोंदणीचा दाखला काढा, नसेल तर. नावात बदल राजपत्रात छापून घ्या, त्याला वेळ लागतो. ओबीसी असाल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रीमीलेअर माहेरकडून, वडिलांच्या कागदांवर निघतो. नवऱ्याच्या जातीचा किंवा पगाराचा इथं संबंध नाही. गेल्या वर्षी एका ताईंनी सासरची कागदं घेऊन तहसीलला तीन खेपा घातल्या. शेवटी मीच म्हटलं, माहेरी जाऊन या, भाऊबीज पण होईल.

शिक्षणात पडलेल्या गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. नऊ वर्षांच्या गॅपला लोक घाबरतात, पण त्यात काय केलं ते खरं लिहायचं, लग्न, मूल, पिग्मी. संपलं. वयाची अट जीएनएमला ३५ आहे, तुम्ही बसता.

फीमाफीचं: ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के माफी. अट एकच मोठी, प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा, ज्याला आपण कॅप म्हणतो. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस त्यात येत नाही. पसंतीक्रम भरायच्या आधी तुमचा कोर्स आणि ते कॉलेज महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलच्या यादीत दिसतंय का ते स्क्रीनवर बघून घ्या. कॉलेजचा क्लार्क "आहे आहे" म्हणतो, त्यावर जाऊ नका.

आणि आधार बँकेला जोडलेलं पाहिजे. पतसंस्थेचं खातं चालत नाही. हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिलं.

---

नाईट_ड्युटी

आत्ता सकाळचे नऊ वाजलेत, रात्रपाळी करून आलेय, शुद्धलेखन बघू नका.

पिग्मीवाली, मी तूच म्हणते तुला, माझ्या धाकट्या बहिणीएवढी आहेस. मी २९ व्या वर्षी जीएनएमला गेले. मुलगी अडीच वर्षांची होती. त्याआधी चप्पलच्या दुकानात होते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते: दुसरी रक्कम कुठून आणली नाही, ती माझ्या आईनं भरली. पैशानं नाही. मुलगी तीन वर्षं कवठेमहांकाळला तिच्याकडे होती. ज्याच्याकडे असं माणूस नाही त्याला हा कोर्स परवडत नाही, कर्ज कितीही स्वस्त असो. तुझं असं माणूस कोण, ते आधी ठरव. सासूबाईंचा खुबा मोडलेला, त्या चार वर्षांच्या पोरामागं धावणार कशा?

हॉस्टेल बऱ्याच ठिकाणी सक्तीचं असतं. आमचे फोन संध्याकाळी सहाला मिळायचे, एक तास. त्या तासात सतरा जणी गॅलरीत उभ्या राहून एकदमच बोलायच्या. रविवारी घरी जायचे. मुलगी रडायची नाही, पण मी निघायच्या वेळेला माझी एक चप्पल लपवायची. दर रविवारी नवीन जागा. एकदा पिठाच्या डब्यात सापडली. पाच वाजताची एसटी चुकली की वॉर्डनचं बोलणं ठरलेलं, आणि मुलीला एसटीची वेळ बरोबर कळायला लागली होती.

हजेरीचं नीट समजून घे. थिअरीला ८० टक्के चालते, पण वॉर्डातले क्लिनिकलचे तास शेवटी शंभर टक्के भरून द्यावेच लागतात, त्याशिवाय सर्टिफिकेट नाही. मुलीला कांजिण्या आल्या तेव्हा नऊ दिवस राहिले. त्या नऊ ड्युट्या मी दिवाळीत भरल्या. पोर आजारी पडणार हे धरूनच चाल, आणि पहिल्या वर्षी स्वतःच्या दुखण्याची एकही सुट्टी वाया घालवू नकोस.

आता मी कुठं फसले ते. फी कमी म्हणून एका ट्रस्टच्या दवाखान्याच्या शाळेत गेले. फी खरंच निम्मी होती. बदल्यात पास झाल्यावर दीड वर्ष तिथंच नोकरी करायची, असं लिहून दिलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही, नोकरी तर हवीच होती. पण दहावी-बारावीच्या मूळ मार्कलिस्ट त्यांनी "सांभाळायला" ठेवून घेतल्या. मधल्या काळात एक सरकारी भरती निघाली, मी यादीत आले, आणि कागदपत्र तपासणीला माझ्याकडे झेरॉक्स. ऑफिसातल्या कपाटात माझी मार्कलिस्ट, काचेतून दिसतेय मला ती फाइल, आणि बाई म्हणते, ट्रस्टींची सही लागेल. भरती गेली. बाँड लिहून देणं वेगळं आणि मूळ कागद देणं वेगळं. कागद द्यायचे तर पोच घेऊन, आणि प्रवेश झाला की परत.

वरखर्च कोणी सांगत नाही. तीन जोड गणवेश, पांढरे बूट, रेकॉर्ड बुकं, हेल्थ टॉकचे तक्ते, कम्युनिटी पोस्टिंगला गावोगाव जायचं भाडं. माझे पहिल्या वर्षी अठरा हजार गेले. आरडीचे ६२ त्यासाठी ठेव, फीत घालू नकोस. एसटीला बाईमाणसाला अर्धं तिकीट आहेच, पण कॉलेजचा दाखला देऊन विद्यार्थी पास काढलास तर एक तृतीयांशच भरावे लागतात. हॉस्टेलची सक्ती नसलेली शाळा मिळाली आणि रोज जाऊन-येऊन करायचं झालं तर हा फरक मोठा आहे.

पगाराचं पण ऐक. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये सांगितलंय, पन्नास खाटांच्या आतल्या खाजगी दवाखान्यातही नर्सला वीस हजारांच्या खाली पगार नको. मला चाळीस खाटांच्या दवाखान्यात पहिला पगार चौदा मिळाला. म्हणजे नवऱ्याच्या मागाएवढा. त्यामुळं बँकवाल्या काकांचा साडेपाच हजारांचा हप्ता चौदातून वजा करून बघ, मग ठरव. खरी उडी सरकारीत आहे. राज्याच्या अधिपरिचारिकेचं, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सचं मूळ वेतन ३५,४०० पासून. एम्सची नर्सभरतीची नॉरसेट परीक्षा त्याहून मोठी, ४४,९००, पण तिथं वय तीस, ओबीसीला तीन वर्षं सूट, आणि जीएनएमला दोन वर्षांचा अनुभव मागतात. तुझं वय त्यात बसता बसता जाईल. राज्याच्या भरतीला खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. तो रस्ता धर.

झोपते आता.

---

सहा_महिने_वाया

मोठं लिहीत नाही. माझ्या बायकोनं "नर्सिंग कोर्स, सहा महिने, शंभर टक्के नोकरी" असा बोर्ड बघून ३५ हजार भरले. सर्टिफिकेट मिळालं, फोटोसकट, लॅमिनेट केलेलं. महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलकडं नोंदणीला गेलो तर कळलं, याची नोंदणीच होत नाही. ती आज वृद्धांच्या घरी केअरटेकर म्हणून बारा तास करते. काम वाईट नाही, पण ती नर्स नाही आणि होणारही नाही. एएनएम, म्हणजे आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सचा कोर्स, दोन वर्षं, जीएनएम तीन, याच्या खाली काहीही सांगितलं तर उठून यायचं. जीएनएमची परीक्षा शुश्रूषा आणि परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, शाळेचं नाव तिथं आणि काउन्सिलच्या यादीत दोन्हीकडं पाहिजे.

एएनएमचा विचार केलास का? एक वर्ष वाचतं.

---

पिग्मीवाली_विटा

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण घरात यावरूनच चाललं होतं.

एएनएमचा विचार केला दादा. पण मला वॉर्डातच जायचंय. उपकेंद्राचं काम चांगलंच आहे, माझं मन त्या रात्रीच्या वॉर्डात अडकलंय, त्याला काय करू.

नाईट_ड्युटी ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. "असं माणूस कोण" हे मी कुणाला विचारलंच नव्हतं, धरून चालले होते की होईल कायतरी. आई नाही मला. सासूबाई काठी घेऊन चालतात. मग नणंदेला विचारलं. ती गावातच असते, दोन गल्ल्या सोडून, तिची दोघं शाळेत जातात. ती लगेच हो नाही म्हणाली. म्हणाली, "पोर बघेन, पण फुकट नाही बघणार वहिनी." मला आधी राग आला. मग वाटलं, बरोबर आहे तिचं.

तर असं ठरतंय. पिग्मीची लाईन मी तिला द्यायची. संस्थेच्या मॅनेजरसाहेबांना भेटले, ते म्हणाले करार तिच्या नावावर करा, जामीन तुमचा नवरा राहू दे. कमिशनमधले साडेसहा तिचे, चार माझे. मुलगा बालवाडीतून परस्पर तिच्याकडे, ती तीन वाजता लाईनला निघेल तेव्हा तिची मोठी आणि सासूबाई. नवरा पहिल्या पाळीवर बदलून घेतोय, म्हणजे संध्याकाळी तो घरी. म्हणजे बुडणारी रक्कम ३,७८,००० वरून २,३४,००० वर आली. चार हजारांत महिन्याचं कर्जाचं व्याज निघतं आणि अनुदान लागलं तर तेही वाचेल. सोनं कपाटात. आरडी वरखर्चाला. गटाचे अठरा हप्ते संपल्याशिवाय नवीन कुठलीच सही नाही, असं नवऱ्यानंच सांगितलं.

एजंटाला सांगितलं, कॅपमधून लागलं तर जाईन, नाहीतर पुढच्या वर्षी. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी फी वाढेल." मी म्हटलं, माझी पिग्मी पण वाढेल.

विवाह नोंदणीचा दाखला आमच्याकडे नव्हताच! लग्नाला सात वर्षं झाली. काल नगरपालिकेत फॉर्म भरला, साक्षीदार म्हणून नणंदेचाच नवरा आला. राजपत्राचा अर्ज त्यानंतर. सेतूवाले दादा, माझ्या पतसंस्थेच्या खात्यावरून टोमणा मारलात तो बरोबर लागला, महाडीबीटीला मी तेच देणार होते. राष्ट्रीयीकृत बँकेत खातं उघडलं.

कालपासून नणंदेला दुकानं दाखवत फिरतेय. सराफाचं दुकान आलं की आधी चहाला नाही म्हणायचं, नाहीतर अर्धा तास मोडतो. फुलवाल्या मावशी सुट्टे देतात, ते तिथंच मोजायचे. रसवंतीवाला उन्हाळ्यात दोनशे आणि पावसाळ्यात वीस. हे मशीनमध्ये येत नाही, तोंडीच सांगावं लागतं. तिनं वही आणलीय, लिहून घेते.

एक किरकोळ विचारायचंय. सेकंद काट्याचं घड्याळ लागतं म्हणतात, माझ्याकडे मोबाइलच आहे. कुठलं घेऊ?

---

नाईट_ड्युटी

स्टँडसमोर दीडशेचं मिळतं ते घे. काटा मोठा आणि लाल बघून घे, रात्री दिसला पाहिजे. महागाचं नको, पहिल्या सहा महिन्यांत वॉर्डात कुठंतरी काढून ठेवशील आणि ते जाईल. माझी दोन गेली.

आणि नणंदेला साडेसहा नको, सात दे.